दांड्या पूर्ण, संपर्क बंद: अक्कलकोट रस्त्यावरच्या एका लिंकचं प्रकरण

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना, दक्षिण सोलापूर तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून थोडं आत एक गाव आहे. गावाला एकच मोबाइल टॉवर. सप्टेंबर लागला की आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, साडेपाच ते सातच्या दरम्यान, गावाचा संपर्क तुटायचा. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग काहीही न करता सगळं पूर्ववत व्हायचं. नेमकी हीच दूध संकलनाची वेळ. डेअरीवर रांग लागलेली, फॅटचं मशीन चालू, आणि नोंद मात्र पुढे जात नाही.

"साहेब, दांड्या फुल दावतंय की ओ, मग फोन का लागंना?" डेअरीचे अण्णा प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारायचे. तेव्हा मी त्या पट्ट्यातल्या मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे दोन टॉवरना हवेतून जोडणारे रेडिओ दुवे, सांभाळणाऱ्या एका कंत्राटदाराकडे कामाला होतो. अण्णांचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा होता, पण तो नीट ऐकायला आम्हाला जवळजवळ महिना लागला. त्या महिन्यात एका संध्याकाळी गावात एका घरी बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आणि १०८ ला फोन लागेना. शेजाऱ्याने मोटारसायकल काढून पुढच्या गावात जाऊन गाडी बोलावली. सगळं सुखरूप झालं. पण त्यानंतर ही तक्रार माझ्यासाठी नुसतं एक तिकीट, म्हणजे नोंदवहीतला तक्रार क्रमांक, राहिली नाही.

आधी काय काय चुकलं

आमच्याकडे पाऊस आला की लाईट जाते. त्यामुळे पावसात टॉवर बंद पडला की सगळ्यांचं बोट पहिल्यांदा विजेकडे जातं. इथेही तेच झालं. बॅटरी बँक बदलली, जनरेटरचं डिझेल तपासलं, तिकीट बंद केलं. पुढच्याच आठवड्यात टॉवर पुन्हा गेला. अलार्मची यादी वेळेनुसार लावून पाहिल्यावर दिसलं की वीज गेल्याचा अलार्म कधी लिंकच्या आधी येतो, कधी नंतर, आणि दोन संध्याकाळी तर तो आलाच नव्हता. वीज आणि लिंक दोन्ही पावसामुळे जात होत्या, पण एकीमुळे दुसरी जात नव्हती.

दुसरा संशय अँटेनाच्या रोखावर. वाऱ्याने डिश हलली असेल म्हणून स्वच्छ सकाळी दोन्ही टोकांना माणूस चढवला. शहराकडच्या टोकाला सिग्नल उणे ४५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण), गावाकडे उणे ४५. आराखड्यातही तेवढाच. कोरड्या दिवशी ही लिंक पूर्ण निरोगी होती.

तिसरा संशय केबलमध्ये पाणी शिरल्याचा, आणि तो सर्वांत पटण्यासारखा होता. कनेक्टरची टेप उखडली की पाणी आत जातं आणि सिग्नल पडतो. पण आत गेलेलं पाणी लगेच वाळत नाही. पाऊस थांबल्यावरही तासन् तास, कधी दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत सिग्नल पडलेलाच राहतो. इथे तो पाच-सात मिनिटांत होता तिथे परत येत होता.

लॉग

रेडिओ दर पंधरा मिनिटांना एक ओळ लिहून ठेवतो: त्या काळातला सर्वांत जास्त सिग्नल, सर्वांत कमी सिग्नल आणि चुकांची मोजणी. आम्ही सगळे सरासरीकडे बघत होतो, आणि पंधरा मिनिटांच्या सरासरीत सहा मिनिटांची खोल दरी बुजून जाते. किमान सिग्नलचा रकाना उघडला तेव्हा चित्र समोर आलं. पुढच्या पावसाला मी हबच्या, म्हणजे लिंकच्या शहराकडच्या टोकाच्या, खोलीत लॅपटॉप लावून बसलो आणि दर काही सेकंदांचं वाचन लिहीत गेलो. उणे ४५. उणे ४८. मग सरळ उताराला लागल्यासारखं ५४, ६१, ६७. उणे ७० ओलांडलं आणि लिंक गेली. साधारण बारा मिनिटांनी त्याच उताराने ती वर आली.

या आलेखातल्या तीन गोष्टींनी निदान पक्कं केलं. एक, दोन्ही दिशांचा सिग्नल एकाच वेळी आणि जवळपास सारखाच पडत होता. एका टोकाचा ट्रान्समीटर बिघडला असता तर एकच दिशा पडली असती. दुसरं, पडण्याचा आकार. हवेच्या थरांमुळे लाटा वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकींना मारतात तेव्हाही सिग्नल पडतो. पण ते पहाटेच्या निवांत हवेत होतं आणि आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. इथे उतार गुळगुळीत होता. तिसरं, लिंक जातानाचा क्रम. लिंक धडपडत असते तेव्हा टॉवर गावात आपला सिग्नल पसरवतच असतो, म्हणून दांड्या पूर्ण. लिंक पूर्ण तुटून काही वेळ गेला की टॉवर प्रसारण थांबवतो आणि मग दांड्याही जातात. अण्णांचं निरीक्षण या पहिल्या टप्प्याचं होतं.

तर लोकांच्या डोळ्यांसमोर असलेला टॉवर-ते-फोन हा दुवा ठणठणीत होता. टॉवरपासून शहराकडच्या हबपर्यंत हवेतून जाणारा, कुणालाच न दिसणारा साडेअकरा किलोमीटरचा दुवा पावसात बुडत होता.

गावकऱ्यांना मात्र हे पटेना. "पाऊस कुठला ओ? हितं थेंब न्हाई पडला अन् नेट गेलतं." त्यांचं म्हणणं खरं होतं. हबवरही दोन वेळा कोरडंठाक होतं. वाटेत साधारण मध्यावर एक चहाची टपरी आहे. तिथल्या मामांना मी विनंती केली की पाऊस जोरात सुरू झाला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायची, थांबला की पुन्हा लिहायची. मामांनी ती नेमाने लिहिली. पाच संध्याकाळच्या त्यांच्या वेळा लॉगशेजारी ठेवल्या, तर पाचही दोन-चार मिनिटांच्या फरकाने जुळल्या. दोन्ही टोकं कोरडी आणि मध्ये चार-पाच किलोमीटरचा ढग ओतत उभा, असं होत होतं.

थेंबाची मापं

पाऊस म्हणजे हवेतलं पाणी, मग फोनचा सिग्नल का पडत नाही आणि लिंकचाच का पडतो, हा प्रश्न लाटेच्या लांबीचा आहे. मोबाइल फोन आणि टॉवर ज्या ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झवर बोलतात तिथे लाटेची लांबी अनुक्रमे ३३ आणि १७ सेंटिमीटरच्या आसपास असते. पावसाचा थेंब एक ते पाच मिलिमीटर. एवढ्या लांब लाटेला तो जाणवतही नाही. आमची लिंक होती १५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे लाटेची लांबी २ सेंटिमीटर. आता थेंब आणि लाट एकमेकांच्या मापाला आली. प्रत्येक थेंब लाटेतली थोडी शक्ती उष्णता म्हणून गिळतो आणि थोडी इकडेतिकडे उधळतो. हवामान खात्याचं रडारही याच उधळणीवर चालतं. आमच्यासाठी जे नुकसान, तेच त्यांच्यासाठी पावसाचं दर्शन.

याचं गणित नवं नाही. थेंबांच्या आकारांची वाटणी मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये मांडली. आज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.८३८ या शिफारशीत प्रत्येक वारंवारितेसाठी गुणांक दिलेले आहेत, त्यात पावसाचा ताशी दर घातला की दर किलोमीटरला किती डेसिबल जातील ते मिळतं. ताशी १०० मिमीच्या पावसात ६ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे जेमतेम १ डेसिबल जातो, १५ गिगाहर्ट्झला ६ ते ८, २३ गिगाहर्ट्झला ११ ते १४. नव्या जाळ्यांत येणाऱ्या ८० गिगाहर्ट्झच्या लिंकला तर ३० च्या आसपास, म्हणून त्या एक-दोन किलोमीटरच्या पलीकडे नेत नाहीत. डेसिबलची सवय नसलेल्यांसाठी: ३ डेसिबल गेले की शक्ती निम्मी, १० गेले की दहावा हिस्सा, ३० गेले की हजारावा.

"६ ते ८" असं दोन आकड्यांत का लिहिलं, तर त्यातच या प्रकरणाची एक किल्ली होती. पावसाचा थेंब चित्रात काढतात तसा टोकदार नसतो. मोठा थेंब हवेला ढकलत खाली येताना इडलीसारखा चपटा होतो, उंचीपेक्षा रुंदीला जास्त. त्यामुळे आडव्या ध्रुवणाची, म्हणजे आडवी कंपणारी, लाट त्याच्यात जास्त अडकते, उभ्या ध्रुवणाची कमी. आमची लिंक आडव्या ध्रुवणात लावलेली होती.

आता हिशेब. कोरडा सिग्नल उणे ४५, लिंक तुटण्याची मर्यादा उणे ७०, म्हणजे हाताशी २५ डेसिबलची शिल्लक. मध्ये चार किलोमीटर रुंदीचा ढग ताशी १०० मिमीने ओततोय असं धरलं तर आडव्या ध्रुवणात ३२ डेसिबल जातात. शिल्लक संपून वर सातची तूट. वाटेवरचा साराच पाऊस मध्यम, ताशी २५ मिमीचा असता, तर साडेअकरा किलोमीटरभर मिळून १९ डेसिबल गेले असते आणि लिंक टिकली असती. म्हणूनच ही लिंक दिवसभराच्या झडीत चालायची आणि अर्ध्या तासाच्या सरीत मरायची. गावकऱ्यांना हे फार विचित्र वाटायचं.

कमी पावसाचा जिल्हा

आराखड्याची जुनी शीट काढून पाहिली. साडेअकरा किलोमीटरची उडी (एका टॉवरपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर), ६० सेंटिमीटरच्या डिश, आणि पावसाच्या रकान्यात अगदी हलका दर. ज्याने तो भरला त्याच्या मनात काय असेल ते कळण्यासारखं आहे. सोलापूर म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला जिल्हा, टँकर, चारा छावण्या, कोरडवाहू ज्वारी. इथे पावसाची कसली भीती? महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून जास्त पडतो, त्याच्यापुढे आमचा पाऊस म्हणजे काहीच नाही.

चूक इथेच होती, आणि ती एका माणसाची नाही. लिंकला वर्षभराची बेरीज कळत नाही. तिला या मिनिटाला किती जोरात पडतोय तेवढंच कळतं. दिवसाची नोंद ४० मिमी असेल आणि तो पाऊस दहा तासांत पडला असेल तर दर ताशी ४ मिमी. तेवढाच पाऊस पंचवीस मिनिटांत ओतला तर दर ताशी ९६. पर्जन्यमापकातलं पाणी दोन्ही दिवशी सारखंच. आपल्याकडचा मोठा पाऊस पुष्कळदा या दुसऱ्या जातीचा असतो. मे महिन्यातला वळीव, सप्टेंबरातल्या उत्तरा आणि हस्ताच्या सरी, परतीचा पाऊस. दिवसभर तापलेल्या जमिनीवर दुपारी उभा ढग चढतो आणि संध्याकाळी एका पट्ट्यात रिकामा होतो. या भागातले ढग अभ्यासण्यासारखे आहेत म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात मेघबीजनाचा, म्हणजे ढगात कण फवारून पाऊस पाडण्याचा, मोठा प्रयोग सोलापूर परिसरात केला. ढगात पाणी आहे आणि ते जमिनीवर कमी पडतं, ही त्यांची चिंता. जेव्हा पडतं तेव्हा एकदम पडतं, ही आमची.

यात एक फरक मात्र सांभाळायला हवा. १४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातली प्रणाली आंध्र-तेलंगणातून सरकत आली आणि जिल्ह्याला झोडपून गेली. भीमेला पूर आला, पंढरपुरात माणसं गेली. अशा व्यापक पावसात टॉवर बंद पडतात तेव्हा थेंबांवर ठपका ठेवून मोकळं होऊ नये. तेव्हा आधी वीज, डिझेल आणि वाहून गेलेली फायबर पाहावी. पाऊस थांबल्यावर जी लिंक सिग्नल पाच-सात मिनिटांत परत मिळवत नाही, तिचं दुखणं वेगळं असतं.

घरच्या छत्रीचंही असंच. डीटीएचचे सिग्नल १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात येतात, म्हणून जोराच्या सरीत पडद्यावर "सिग्नल नाही" येतं. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे सोलापुरातली ती छत्री आग्नेयेकडे तोंड करून असते. त्या बाजूने ढग चढला की आपल्या अंगणात थेंब पडायच्या आधीच चित्र गोठतं. केबलवाल्याची गच्चीवरची मोठी डिश ४ गिगाहर्ट्झवर घेते, तिला हा पाऊस जवळजवळ लागत नाही. टपरीवाल्या मामांना लिंकचं प्रकरण मी याच उदाहरणाने समजावलं आणि त्यांना ते एका वाक्यात कळलं.

काय करता येण्यासारखं होतं

सर्वांच्या तोंडी पहिला उपाय फायबर. तो उत्तमच, पण रस्त्याची कामं चालू असलेल्या पट्ट्यात फायबर किती वेळा तुटते हे ज्याने रात्री स्प्लायसिंगला (तुटलेली फायबर जोडायला) माणसं पाठवली आहेत त्यालाच माहीत. शिवाय परवानगी आणि खोदाईत एक हंगाम तरी जाणार होता. ७ गिगाहर्ट्झवर गेलो असतो तर त्याच ढगात ३२ ऐवजी ७ डेसिबल गेले असते. पण त्या वारंवारितेचं वाटप आणि बऱ्याच मोठ्या डिश लागल्या असत्या.

डिश ६० सेंटिमीटरच्या १२० केल्या तर प्रत्येक टोकाला ६, म्हणजे एकूण १२ डेसिबल वाढतात. कागदावर प्रश्न सुटतो. पण क्षेत्रफळ चौपट म्हणजे वाऱ्याचा रेटाही चौपट, आणि गावातला टॉवर आधीच भरलेला होता. मधे एक टॉवर घालून उडी दोन तुकड्यांत करावी, असंही सुचलं. मलाही आधी तेच बरं वाटलं होतं. गणित केल्यावर उत्साह ओसरला. अंतर निम्मं झालं की फक्त ६ डेसिबल मिळतात. चार किलोमीटरचा ढग पावणेसहा किलोमीटरच्या एका तुकड्यात आरामात बसतो, आणि तो तुकडा ३१ च्या शिल्लकेने ३२ च्या घटीला तोंड देत राहतो. नव्या टॉवरचा खर्च करून पुन्हा काठावरच.

मग जे हाताशी होतं त्याकडे वळलो. ध्रुवण उभं केलं तर त्या ढगातली घट ३२ वरून २४ वर येते. त्यासाठी शेजारच्या लिंकशी ढवळाढवळ होत नाही ना ते तपासून मंजुरी घ्यावी लागली, आणि दोन्ही टोकांना चढून फीड (डिशच्या मध्यभागचा लाट सोडणारा भाग) ९० अंश फिरवावं लागलं. सामान काहीच नाही. अर्थात भिजलेल्या डिशचे एक-दोन डेसिबल धरले तर हेही काठावरच होतं.

खरा आधार मिळाला तो मॉड्युलेशनमधून, म्हणजे लाटेवर माहिती चढवण्याच्या पद्धतीतून. लिंक कायम १२८ क्वाम या वेगवान पद्धतीवर बांधून ठेवलेली होती. त्यात प्रत्येक चिन्हामागे ७ बिट जातात, वेग मिळतो, पण सिग्नल चांगलाच लागतो. याच रेडिओत परिस्थिती पाहून पायऱ्या उतरायची सोय होती, ती फक्त चालू केलेली नव्हती. ती चालू केली की सिग्नल पडत जाईल तसा रेडिओ खाली येतो, शेवटी क्यूपीएसके या साध्या पद्धतीवर, जिथे चिन्हामागे २ बिट. वेग सातातला दोन हिस्से उरतो, पण लिंक उणे ८६ पर्यंत तग धरते. म्हणजे आणखी १६ डेसिबल. सोबत रांगेत आधी कॉल, मग डेटा, असा क्रम लावला. पाऊस ओतत असताना गावाला व्हिडिओ मिळणार नाही, पण १०८ लागेल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची सेटिंग हीच.

नंतर

काम पुरं झालं तेव्हा हस्त सुरू झाला होता. तिसऱ्या संध्याकाळी टपरीवरून मामांचा फोन आला, "साहेब, लई जोरात धरलाय." हबवर वाचन उणे ६८ वर गेलं, रेडिओ दोन पायऱ्या उतरला, लिंक टिकली. मी अण्णांना फोन लावला. तो लागला. पलीकडे दुधाच्या किटल्यांचा आवाज येत होता. नोंदी हळू जातायत, पण जातायत, असं ते म्हणाले. त्या हंगामात उरलेल्या सरींपैकी एकदाच लिंक पूर्ण गेली, सहा मिनिटं. त्या दिवशी ढग नेहमीपेक्षा बराच रुंद होता आणि दोन्ही टोकंही भिजत होती.

कंपन्या अशा लिंकसाठी ९९.९९ टक्के उपलब्धता धरतात. उरलेला ०.०१ टक्का म्हणजे वर्षाची सुमारे ५३ मिनिटं. ती मिनिटं वर्षभर विखुरलेली असती तर कुणाला कळलीही नसती. सोलापुरात ती सहा-सात संध्याकाळीत गोळा होऊन येतात, दूध घालायच्या वेळेला. आराखडा करणाऱ्याने वर्षाच्या टक्क्यासोबत सप्टेंबरची संध्याकाळही मोजावी, असा आग्रह मी तेव्हापासून प्रत्येक शीटवर धरतो.

लॉग मात्र मी फेकले नाहीत. इस्रायलमधल्या हगित मेसेर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की मोबाइल कंपन्यांच्या लिंकवरची घट उलटी वाचली तर तो पाऊस मोजण्याचा मार्ग होतो, आणि २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये अशा लिंकवरून देशभराच्या पावसाचे नकाशे काढले गेले. आपल्याकडे पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या एका बिंदूवर असतो आणि चार किलोमीटरचा ढग त्याला चुकवून जातो. मग शेतात पाणी साचलेलं असतं आणि मंडळाची नोंद कोरडी, यावरून दर वर्षी वाद होतात. जिल्ह्यातल्या शेकडो शिवारांवरून अशा लिंक जातात आणि किमान सिग्नलचा तो रकाना रोज भरतो आणि रोज पुसला जातो.

गावाला दुसऱ्या बाजूने, होटगीकडच्या एका टॉवरवरून पर्यायी वाट देण्याचा प्रस्ताव मी जाताना लिहून दिला. दोन वाटांमध्ये पुरेसं अंतर ठेवलं तर एकच ढग दोन्हींवर एका वेळी बसण्याची शक्यता फार कमी. त्या वाटेची उडी ७ किलोमीटरची आहे, आणि पावसाच्या रकान्यात या वेळी मी ताशी १०० मिमी लिहिलं आहे.